माझ्या मुलासाठी जावेच्या मुलीला लस घ्यायला लावू का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

आम्ही सातारा-सांगली पट्ट्यातल्या एका गावात राहतो. एकत्र कुटुंब आहे. माझ्या सहा वर्षांच्या मुलाला दोन वर्षांपूर्वी रक्ताचा कॅन्सर झाला. मुंबईत उपचार झाले, आता मेंटेनन्सच्या, म्हणजे आजार परत येऊ नये म्हणून द्यायच्या, गोळ्या सुरू आहेत. लहानपणी त्याला सगळ्या लशी दिल्या होत्या, पण केमोमुळे त्यांचा असर कमी झालेला असू शकतो आणि उपचार संपेपर्यंत गोवराची लस पुन्हा देता येणार नाही, असं डॉक्टर सांगतात. धाकट्या जावेची मुलगी अडीच वर्षांची आहे. तिच्या थोरल्या भावाला दीड वर्षाच्या लशीनंतर ताप येऊन झटका आला होता, तेव्हापासून जावेनं धसका घेतला आणि मुलीला नऊ महिन्यांची गोवराची लस दिलीच नाही, पुढचीही नाही. सासूबाई म्हणतात, गोवर येऊन गेला की पोरं घट्ट होतात. मी विषय काढला तर जाऊ म्हणाली, "ताई, तुमच्या पोरासाठी मी माझ्या पोरीला का धोक्यात घालू?" मला उत्तर देता आलं नाही. मिस्टर म्हणतात, वेगळं राहू. त्यात रस्त्यापलीकडे ऊसतोड टोळीच्या खोप्या पडल्यात. तिथल्या मुलांना लशी मिळाल्या असतील असं वाटत नाही. खोप्या हलवा, असा अर्ज ग्रामपंचायतीला देण्याचं चाललंय. "गावाची इम्युनिटी जपायची तर बाहेरचं काही आत येऊ देऊ नका," असं गावच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलं आणि मलाही ते पटलं. दोन वर्षांपूर्वी आमच्याच गल्लीनं आपली मुलं माझ्या मुलाशी खेळायला पाठवणं बंद केलं होतं, तेव्हा किती रडले होते. तरीही पटलं. नातेवाईक मुलासाठी गुळवेलीचा काढा पाठवतात, तो द्यावा का? मी काय करू?

नमस्कार ताई,

तुमची भीती खरी आहे. थर्मामीटर १००.४ दाखवू लागला की रात्री दोन वाजतासुद्धा गाडी काढायची, हे ज्या घरात दोन वर्षं चाललंय, त्या घरातल्या आईला "इतकं काय घाबरायचं" म्हणायचा अधिकार कोणालाच नाही. आणि गोवर हा घाबरावं असाच आजार आहे. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही त्याचा विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून तो पसरत असतो, म्हणजे घरच्यांना नुसती सर्दी आणि लाल डोळे दिसत असतात तेव्हाच. कोणालाच संरक्षण नसेल तर एका रुग्णापासून बारा ते अठरा जणांना लागण होते. केमो घेणाऱ्या मुलाच्या अंगावर तर कधी पुरळही नीट उठत नाही आणि आजार सरळ फुप्फुसावर किंवा मेंदूवर उतरतो.

जाऊबाईंचा प्रश्न तुम्हाला लागलाय. त्याचं उत्तर सुचलं नाही, कारण तो प्रश्न ज्या हिशेबावर उभा आहे तो तुम्हीही मान्य केलात: लस घेतली तर फायदा तुमच्या मुलाचा आणि जोखीम तिच्या मुलीची. हा हिशेब तपासून बघा. उद्या गावात गोवर आला तर तुमच्या घरात सगळ्यात उघडं कोण आहे? तुमच्या मुलाला लहानपणीचे दोन डोस मिळालेले आहेत, त्यांचा काही अंश उरलाही असेल. त्याचा ताप मोजणारी आई आहे, फोन उचलणारे डॉक्टर आहेत. त्या अडीच वर्षांच्या पोरीकडे यातलं काहीच नाही. पण तुमच्या पत्रात ती येते ती फक्त तुमच्या मुलाला काय होईल या काळजीपोटी. तिला स्वतःला गोवर झाला तर तिचं काय, हे पत्रात कुठेच नाही. रागावू नका, पण जाऊबाईंशी बोलतानाही हे असंच झालं असावं, आणि आईच्या कानाला असली गोष्ट लगेच कळते.

सासूबाईंचं म्हणणं त्यांच्या पिढीचा अनुभव आहे. त्या काळी गोवर बहुतेक प्रत्येकाला निघायचा आणि जे वाचले तेच आज ती आठवण सांगायला आहेत. पण पोरं घट्ट होण्याच्या नेमकं उलट घडतं. आपल्या शरीरातल्या काही पेशी आधी होऊन गेलेल्या आजारांची ओळख जपून ठेवतात, आणि गोवराचा विषाणू नेमका त्याच पेशींवर हल्ला करतो. नेदरलँड्समध्ये २०१३ साली लस न घेतलेल्या मुलांमध्ये गोवराची साथ आली होती. त्यातल्या मुलांच्या रक्ताचे आधीचे आणि नंतरचे नमुने तपासून २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं, की गोवरानंतर त्यांच्या शरीरात आधी तयार झालेल्या निरनिराळ्या प्रतिपिंडांपैकी (अँटिबॉडीजपैकी) ११ ते ७३ टक्के नाहीशी झाली होती. म्हणजे गोवर बरा झाल्यावरही ते मूल पुढचे कित्येक महिने न्यूमोनियाला आणि जुलाबाला नव्यानं सामोरं जातं. लशीनं असं होत नाही. सासूबाईंना हे एकदा शांतपणे सांगा. नातीची गोष्ट आहे, ऐकतील.

आता त्या झटक्याबद्दल. जाऊबाईंनी आपल्या मुलाचे डोळे फिरलेले, अंग ताठ झालेलं पाहिलंय. त्यानंतर तिला कोणी नीट बसवून समजावलं का? मला शंका आहे. सहा महिने ते पाच वर्षं या वयात शंभरातल्या दोन ते पाच मुलांना केव्हा ना केव्हा तापात झटका येतो, मग तो ताप सर्दीचा असो की लशीचा. दीड वर्षाच्या वेळी त्रिगुणी लशीचा बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस बरोबरच दिले जातात, ताप चढू शकतो. बघणाऱ्याचा जीव जातो, पण असा साधा झटका बहुतेक मुलांमध्ये मागे काही ठेवून जात नाही. गोवराच्या लशीमुळे असा झटका साधारण तीन-चार हजार डोसांमागे एखाद्याला येतो. खुद्द गोवर झाला तर मेंदूला सूज येण्याचं प्रमाण हजारात एक आहे, आणि त्यातून मूल वाचलं तरी कायमचं अपंगत्व येऊ शकतं. भावाला झटका आला होता म्हणून बहिणीला लस देता येत नाही, असं नाही. मात्र डॉक्टरांना ते आधी सांगायचं, म्हणजे ताप आला तर काय करायचं आणि झटका आलाच तर मुलीला कुशीवर कसं वळवायचं, हे ते आधीच शिकवून ठेवतील. जाऊबाईंना माहितीइतकीच सोबतही हवी आहे. "तू लस दे" असं म्हणण्याऐवजी "आपण दोघी मिळून बालरोगतज्ज्ञांकडे जाऊ, तुझे प्रश्न तू विचार, मी फक्त बरोबर येते" असं म्हणून बघा. त्या दिवशी तुमच्या मुलाचा विषयच काढू नका. मुंबईच्या फेऱ्यांमध्ये तुमचं घर कोणी सांभाळलं, घरच्यांचा डबा कोणी भरला, हे तुम्ही लिहिलेलं नाही. जाऊबाईंनी त्यात वाटा उचलला असेल तर तेही एकदा मोकळेपणानं बोलून दाखवा.

माझ्या मुलासाठी दुसऱ्याच्या मुलाला सुई टोचायला सांगणं न्याय्य आहे का, हा तुमचा प्रश्न मात्र उरतोच. त्याला माझं उत्तर हो असं आहे. आपल्याकडे लसीकरण सुरूच मुळी असं झालं. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. हिंदुस्थानात ती यशस्वीपणे मिळालेली ती पहिली व्यक्ती. तेव्हा ना शीतपेट्या होत्या ना कुप्या. तिच्या दंडावर उठलेल्या फोडातली लस काढून मुंबईतल्या इतर मुलांना टोचली, त्यांच्या दंडावरून आणखी पुढे, आणि तशीच ती पुण्याला, सुरतेला, हैदराबादेला गेली. मुलांनी मुलांना दिलेली ही गोष्ट होती. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला आणि १९८० मध्ये जग देवीमुक्त जाहीर झालं. आज लस कुपीतून येते, त्यामुळे हा धागा दिसत नाही एवढंच. गोवरापासून गावाला वाचवायचं तर शंभरातल्या साधारण ९५ जणांना संरक्षण असावं लागतं. उरलेल्या पाचांत तुमच्यासारख्यांची मुलं, नऊ महिन्यांच्या आतली तान्ही बाळं आणि ज्यांच्या शरीरानं लशीला दादच दिली नाही अशी माणसं असतात. जाऊबाईंच्या मुलीनं लस घेतली तर ती आधी स्वतःसाठी घेईल आणि आपोआप या पाचांसाठीही. तिच्या घरात उद्या तान्हं बाळ आलं तर इतरांची मुलं तेच काम तिच्यासाठी करतील.

अडीच वर्षांच्या मुलीला उशीर झाला असला तरी वेळ गेलेली नाही. सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची चुकलेली लस पाच वर्षांपर्यंत मोफत देतात, दोन डोस, मध्ये किमान एक महिना. दोन डोसांनी सुमारे ९७ टक्के संरक्षण मिळतं. लस टोचलेल्या मुलीपासून तुमच्या मुलाला लशीतला गोवर लागत नाही, तेव्हा तिला काही दिवस दूर ठेवण्याचीही गरज नाही.

एक अपवाद मात्र नीट लक्षात ठेवा. पोलिओच्या तोंडावाटे देण्याच्या थेंबांत जिवंत पण कमजोर केलेला विषाणू असतो आणि तो काही आठवडे शौचावाटे बाहेर पडत राहतो. घरात केमो घेणारं मूल असेल तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या मुलांना थेंबांऐवजी पोलिओचं इंजेक्शन देतात. पल्स पोलिओचा रविवार यायच्या आत तुमच्या मुलाच्या डॉक्टरांना हे विचारा आणि बूथवरच्या सिस्टरलाही घरची परिस्थिती सांगा. कोणालाही न विचारता थेंब नुसते चुकवू नका. कांजिण्यांची लस सरकारी यादीत नाही, पण तुमच्या घरासाठी महत्त्वाची आहे, आणि घरातल्या सगळ्यांनी दरवर्षी फ्लूची लस घेणंही. आणखी एक: तुमचा मुलगा गोवराच्या रुग्णाजवळ आला असं नुसतं कळलं तरी ताप येण्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. अशा मुलांना सहा दिवसांच्या आत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन देता येतं. कांजिण्यांच्या बाबतीतही हेच, त्याच दिवशी फोन. शाळेतल्या बाईंनाही सांगून ठेवा, की वर्गात कोणाला पुरळ दिसलं तर तासाभरात कळवा.

आता खोप्यांबद्दल, कारण तुमच्या पत्रातला हाच भाग मला सगळ्यात अस्वस्थ करून गेला.

बाहेरचं आत आलं म्हणजे आजार आला, हे चित्र तुम्हाला पटलं आणि ते आपल्या सगळ्यांनाच सहज पटतं. पण तुमच्याच माहितीवरून बघा. तुम्हाला नक्की ठाऊक असलेलं, गोवराचा एकही डोस न मिळालेलं मूल तुमच्या घरात आहे. खोप्यांमधल्या मुलांबद्दल तुम्हाला वाटतंय, विचारलेलं कोणीच नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडून निघालेली टोळी कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, इथे असते. नऊ महिन्यांच्या डोसाच्या वेळी ती माणसं एका जिल्ह्यात, दीड वर्षाच्या डोसाच्या वेळी दुसऱ्या. कार्ड गावाकडच्या पेटीत राहतं. आई पहाटे कोयता घेऊन फडात जाते, ती लसीकरणाच्या दिवशी अकरा वाजता उपकेंद्रावर कशी येईल? यातली बरीच मुलं अर्धवट लसीकरण झालेली असतील, हा तुमचा अंदाज खरा असू शकतो. पण त्यावर खोप्या हलवणं हे उत्तर कसं? त्या पलीकडच्या गावाच्या वेशीवर जातील. तीच मुलं, तोच बाजार, तीच एसटी.

आपल्या मुलखानं हे एकदा भोगलंय. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात रँडच्या कारभारात गोरे शिपाई घरात घुसून झडत्या घेत, रुग्णांना आणि त्यांच्या माणसांना ओढून छावणीत नेत. लोकांनी काय केलं? आजारी माणसं लपवली. साथ आटोक्यात आणायला जे सर्वांत आधी कळायला हवं, नेमकं तेच दडवलं जाऊ लागलं. त्याच साथीत सावित्रीबाई फुले हडपसरजवळ मुलाच्या, यशवंतच्या दवाखान्यात रुग्ण पोचवत होत्या. मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आल्या, त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्या दवाखान्यात आजारी माणूस ओढून नव्हे, उचलून नेला जात होता. तुमच्या गावानं अर्ज केला आणि टोळीला ते कळलं, तर उद्या एखाद्या खोपीतल्या मुलाला पुरळ उठल्यावर आईला पहिली भीती वाटेल ती हाकलून देण्याची. ती ते मूल गोधडीखाली दडवेल. तुमच्या मुलासाठी याहून वाईट काही नाही.

२०२२ च्या हिवाळ्याआधी मुंबईत गोवंडीत गोवराची साथ उसळली आणि लहान मुलं दगावली. ती वस्ती परकी होती म्हणून हे घडलं नाही. करोनाच्या काळात हजारो मुलांचे डोस चुकले होते, आणि जिथे डोस चुकले तिथे गोवर आला. उपाय म्हणून घरोघर जाऊन चुकलेली मुलं शोधली गेली, जास्तीचा डोस दिला गेला. तुमच्या गावातही करायचं ते हेच. आशाताईंना भेटा आणि खोप्यांमधल्या पाच वर्षांखालच्या मुलांची यादी करायला सांगा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी कळवा, तुमच्या मुलाच्या आजाराचा उल्लेख करून. लसीकरणाचं सत्र खोप्यांवरच, संध्याकाळी, टोळी फडातून परतल्यावर लावा, अशी विनंती करा. सरकारी लस घ्यायला त्या गावचा रहिवासी असावं लागत नाही, कार्ड नसेल तर नवं करून देतात. मुकादमाला विश्वासात घ्या, त्याचा शब्द टोळीत चालतो. कारखान्याच्या शेतकी खात्यालाही सांगता येईल. ग्रामपंचायतीकडे जायचंच असेल तर अर्ज बदला: खोप्यांवर पाण्याची सोय आणि लसीकरणाचं सत्र मागा. मिस्टरांना पुढे होऊ द्या, गावात त्यांचं ऐकतील असं पत्रावरून वाटतं.

ग्रुपवरचं ते वाक्य मी इथेच सोडून देणार नाही. शरीराचा दाखला गावाला लावला की माणसं जंतू होतात. मार्च २०२० मध्ये बरेलीत गावाकडे परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर जंतुनाशक फवारलं होतं, बायका-मुलांसकट. ज्यांनी फवारलं त्यांना आपण शहराचं रक्षण करतोय असंच वाटत असणार. तुमच्या गल्लीनं मुलांना पाठवणं बंद केलं तेव्हा तिलाही तसंच वाटत होतं. कॅन्सर खेळून लागत नाही हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्यांनी विचारलंही नाही.

शिवाय तो दाखला शरीराबाबतही खोटा आहे. आपल्या आतड्यांत अब्जावधी परके जीव राहतात, त्यांच्यावाचून अन्न नीट पचत नाही. पोटातलं बाळ अर्धं वडिलांचं, म्हणजे आईच्या शरीराला अर्धं परकं, तरी ते नऊ महिने सांभाळलं जातं. ओळख पटवून कुठे थांबायचं हे कळणं, हा प्रतिकारशक्तीच्या कामाचा मोठा भाग आहे. हल्ल्याला लगाम घालणाऱ्या खास पेशी शरीरात असतात आणि त्यांच्या शोधासाठीच २०२५ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मेरी ब्रुन्कॉव्ह, फ्रेड राम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळालं. हा लगाम सुटला की शरीर स्वतःवरच उलटतं. संधिवाताचा एक प्रकार, लहान मुलांचा मधुमेह, ही त्याचीच उदाहरणं.

म्हणूनच "इम्युनिटी वाढवणारा" काढा तुमच्या मुलाला नको. त्याचा आजारच पांढऱ्या पेशींच्या बेबंद वाढीचा होता आणि गोळ्यांचा डोस त्याच्या रक्तातल्या पेशींच्या काउंटवर तोलून ठेवलेला आहे. मेंटेनन्सच्या मर्कॅप्टोप्युरिन आणि मेथोट्रेक्सेट या दोन्ही औषधांचा ताण यकृतावर येतो. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले काही रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले. आयुष मंत्रालयाला तो निष्कर्ष मान्य नव्हता. मोठ्यांचा वाद काहीही असो, तुमच्या मुलावर तो सोडवायची गरज नाही. पाठवणाऱ्यांचं प्रेम घ्या, काढा ठेवून द्या, आणि बाहेरचं कुठलंही औषध द्यायच्या आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. ताजं शिजवलेलं अन्न, उकळलेलं पाणी, हात धुणं आणि वेळेवर गोळी, एवढं पुरे.

राहता राहिलं वेगळं राहणं. जाऊबाईंनी कितीही समजावूनही नाहीच म्हटलं तर काही महिने जेवणखाण आणि मुलांचं झोपणं वेगळ्या खोल्यांत ठेवणं, त्या मुलीला ताप किंवा सर्दी असताना दोघांना एकत्र न खेळू देणं, हे तुम्ही करू शकता आणि करावं. त्यासाठी भांडायची गरज नाही, कारण सांगून करा. पण वाटणी आणि दुसरं घर हा निर्णय आत्ता, या भीतीत घेऊ नका. शेजारचं घर, शाळा, बाजार कुठेही असतीलच, आणि मध्यरात्री ताप चढला तर दार ठोठावायला दीर-जाऊ भिंतीपलीकडे असणं मोलाचं आहे. मेंटेनन्स संपू द्या. त्यानंतर काही महिन्यांनी डॉक्टर तुमच्या मुलाच्या लशी पुन्हा सुरू करतील. तेव्हाही वेगळं व्हावंसं वाटलं तर त्या वेळी सासूबाईंना समोर बसवून बोला. आत्ता आधी बालरोगतज्ज्ञांची वेळ घ्या, दोघींच्या नावानं.